चेंदवणकरांचे पंधरा खण

चेंदवणकर तुमच्या घरी आले की तुमच्याकडे बघत नाहीत. आधी सोफ्याखाली बघतात, मग दाराच्या वर, मग पंखा आणि छत यांच्या मधल्या पोकळीकडे. आणि आपल्या जवळचं कुणी गेल्यासारखा उसासा टाकून म्हणतात, "एवढी हवा कशाला साठवलीय?"

बोळिंजला आमच्या सोसायटीत मी राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत असताना हा बुटका गृहस्थ लुंगीवर आत शिरला. ओळख नाही, पाळख नाही. हमालांना म्हणाला, कपाट आडवं, पलंग उभा, टेबल उलटं करून त्याच्या पोटात खुर्च्या. तासाभरात माझं दोन खोल्यांचं सामान त्यांनी एका खोलीत बसवलं आणि दुसरी खोली मला भेट दिल्यासारखी मोकळी करून दाखवली. बायको खूश झाली. पलंग उभा असेल तर झोपायचं कसं, हा प्रश्न तिला संध्याकाळी पडला.

चेंदवणकर कामणच्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. त्यांच्या गोदामाबद्दल भिवंडी रस्त्यावरचे ट्रकवाले जे सांगत, ते मी जसंच्या तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही. म्हणे त्यांनी नुसतं रोखून बघितलं की खोका आपण होऊन आक्रसतो. म्हणे एकदा सगळा माल इतका दाबून बसवला की बाहेर काढायला भिंत फोडावी लागली. गोदामाच्या मालकाने त्यांना 'रिकाम्या जागेचा शत्रू' अशी पदवी दिली होती, आणि शत्रूची नजर चेंदवणकर कुठेही खाली घालत नसत. आमच्या मजल्यावरचे सामंतकाका वारले तेव्हा हे सांत्वनाला गेले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे पुसले, काकांच्या रिकाम्या पलंगाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "खाली ड्रॉवर निघतील." मुलगा रागावला असेल असं तुम्हाला वाटेल. त्याने तेराव्यानंतर सुतार बोलावला.

त्यांचं स्वतःचं घर म्हणजे वन रूम किचनमध्ये बसवलेलं कपाटांचं गाव. सोफ्याच्या पोटात खण, पायरीच्या पोटात खण, देव्हाऱ्याखाली सहा खण. माळ्यावर माळा आणि त्या माळ्याला पोटमाळा. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आईचं छत्र होतं तोवर दोघं राहायचे, आई गेल्यावर एकटे. घरात कितीही वेळ बसा, एक वस्तू बाहेर दिसायची नाही. पाणी मागितलं तर पेला कुठल्या तरी भिंतीतून यायचा.

अशा या घरात व्हिडिओ गेम आला तो गोदामातूनच. परदेशातून आलेल्या मालात एक खोका पाण्याने भिजला होता. मालकाने 'डॅमेज' म्हणून तो स्टाफमध्ये काढला आणि कुणी उचलेना म्हणून चेंदवणकरांनी उचलला. गेम म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण घरी आणून त्यांनी तो उलटासुलटा केला, तर पुढच्या बाजूला दोन खाचा, आणि दोन्ही रिकाम्या.

दुसऱ्या दिवशी ते माणिकपूरला एका इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात हजर. दुकानदार म्हणाला, यात मेमरी कार्ड बसतं. खेळता खेळता अर्ध्यावर सोडलं, तर जिथे सोडलंत ते कार्डात राहतं, पुढच्या वेळी तिथून सुरू. चेंदवणकरांनी विचारलं, त्यात जागा किती? दुकानदाराने पडद्यावर दाखवलं. एका ओळीत तीन, अशा पाच ओळी. पंधरा घरं.

"पंधरा खण," चेंदवणकर म्हणाले. त्यांचा चेहरा, मला त्या दुकानदारानेच नंतर सांगितलं, पहिलं मूल हातात घेतलेल्या माणसासारखा झाला होता.

त्यानंतर आमच्या सोसायटीचा रविवार बदलला. आम्ही सगळे पोक्त गृहस्थ, कुणी बँकेतले, कुणी पोस्टातले, आठवडाभर मुंबईला नोकऱ्या करून थकलेले. पण चेंदवणकरांकडे सकाळी नऊला जी रांग लागायची, तशी पाण्याच्या टँकरलाही लागत नसे. स्वतः चेंदवणकर खेळायचे नाहीत. ते बाजूला स्टुलावर बसायचे आणि तुमचं खेळून झालं की तुमचा माल ताब्यात घेऊन खणात ठेवायचे. "पेडणेकर, तुमचा दुसऱ्या ओळीतला मधला. हवेशीर आहे." पेडणेकर म्हणजे मी.

माझी क्रिकेटची स्पर्धा चालू होती आणि तिला एका खणात मावणं जमेना. ती चार खण खायची. त्यावरून खालच्या मजल्यावरच्या राणेंनी माझ्यावर अतिक्रमणाचा आरोप केला. चार खण घ्यायचे तर चौपट मेन्टेनन्स द्या म्हणाले. मी म्हटलं, मी चार खण घेतले कारण माझी स्पर्धा राष्ट्रीय पातळीवरची आहे. हे भांडण तीन रविवार चाललं आणि शेवटी चेंदवणकरांनीच, माझा माल एका कडेला सरकवून, 'येण्याजाण्याचा रस्ता' मोकळा करून ते मिटवलं. पडद्यावर रस्ता कुणाला लागतो, हे विचारायचं आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आमचे चेअरमन गवाणकर खेळत नसत. पण चेअरमन म्हणून एक खण आपल्यासाठी राखीव असावा असा त्यांचा आग्रह होता, तोही पूर्वेकडचा. चेंदवणकर म्हणाले, रिकामा खण ठेवता येणार नाही, काहीतरी माल टाका. तेव्हा गवाणकर मोटारींच्या शर्यतीला बसले, पहिल्याच वळणावर कठड्यावर आदळले आणि म्हणाले, ठेवा. तो अपघात त्यांच्या नावाने खणात गेला. पुढे दर रविवारी ते येऊन आपला अपघात सुखरूप आहे ना, हे बघून जायचे.

आणि हिराबाय. अर्नाळ्याची मासेवाली, आमच्या सगळ्या इमारतीला मासे घालायची. एका रविवारी टोपली दारात ठेवून डोकावली, तर आत मासे पकडण्याचा गेम चालू. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. पानी निळं कसं, म्हणाली. होडीवर मानूस एकटाच कसा, मग जालं कोन वढनार. बँकेतल्या माणसाने गळ टाकला तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग चेंदवणकरांनी रिमोट तिच्या हातात दिला, आणि अर्ध्या तासाने तिने इतका मोठा मासा काढला की आम्ही सगळे उभे राहिलो. किती मोठा? टीव्हीच्या बाहेर शेपटी आली होती एवढंच सांगतो.

"ह्यो कुठं ठेवशील?" तिने विचारलं.

"तुमचा खण देतो ना. शेवटच्या ओळीत."

"आनि किती दिस ऱ्हाईल? वास नाय येनार?"

तेव्हापासून तीही रविवारी यायची. टोपली रिकामी झाली की जिना चढून, आपला मासा बघून, मग घरी. चेंदवणकर तिच्याशी पापलेटचा भाव करत नसत. ती त्यांच्याशी हुज्जत घालायची, ती मात्र मनसोक्त, आणि तू-तुकारी करून.

पावसाळ्यात वसईकडची हवा म्हणजे ओला टॉवेल. गोदामात ज्या उपायांनी माल टिकतो त्याच उपायांनी कार्ड टिकेल, अशी चेंदवणकरांची खात्री होती. कार्ड ते तांदळाच्या डब्यात ठेवायचे, सोबत कडुनिंबाचा पाला आणि वर डांबराची गोळी. रविवारी कार्ड यंत्रात घातलं की खोलीभर असा वास सुटायचा, जणू कुणाचं जुनं पातळ ट्रंकेतून काढलंय. माझ्या फलंदाजांना त्या वासाने सर्दी झाली आणि म्हणून ते सामने हरू लागले, असं माझं मत आहे.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण चेअरमन गवाणकरांचा मेहुणा मस्कतहून आला आणि येताना नव्या कंपनीचा काळा, ट्रंकेएवढा गेम घेऊन आला. तो गवाणकरांनी सोसायटीच्या ऑफिसात, टँकरच्या पावत्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या मधोमध बसवला आणि जाहीर केलं की आता कार्डबिर्ड काही नको. याच्या पोटातच हार्ड डिस्क आहे. जागाच जागा. अख्ख्या विरारचे खेळ ठेवा.

चेंदवणकर बघायला गेले. यंत्राभोवती फेरी मारली आणि विचारलं, खण किती? मेहुणा म्हणाला, खण नाहीत, सगळं एकच. चेंदवणकर परत आले ते पार हादरून. मला जिन्यात म्हणाले, "भिंती नसलेलं गोदाम आहे हो ते. कुणाचा माल कुठला, कसं कळणार?"

पण लोक जाऊ लागले. नवीन यंत्राचं चित्र जास्त झकपक होतं आणि मेहुणा सोबत खजूर वाटायचा. तरी घटकाभराने एकेकजण उठून चेंदवणकरांकडे यायचाच, कारण आपला अर्धवट राहिलेला खेळ इकडे होता, आणि इकडचा माल तिकडे जात नव्हता. माझी स्पर्धा उपांत्य फेरीत होती. ती सोडून मी खजुरावर कसा जगणार?

गवाणकर टोमणे मारायचे, काय चेंदवणकर, भरली का खोली, आमच्याकडे तर मैदान आहे. चेंदवणकरांनी ते मनाला लावून घेतलं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतींतून जागा काढली, त्याला जागेवरून बोललेलं सोसणार कसं? ते पुन्हा माणिकपूरला गेले आणि एक मोठं कार्ड घेऊन आले. बाहेरून तेवढंच, पण वर एक बटण. बटण दाबलं की आतले पंधरा खण जाऊन दुसरे पंधरा येतात, पुन्हा दाबलं की तिसरे. "एकावर एक आठ मजले," ते म्हणाले, "आणि लिफ्ट." त्या रविवारी त्यांनी आम्हाला चहासोबत बटाटेवडे दिले. एवढा आनंद त्यांना पेन्शनचे कागद हातात आल्यावरही झाला नसता.

आणि इथे त्यांनी ती गोष्ट केली, जी जगात फक्त गोदामवालाच करेल. गोदाम बदलताना जुनं गोदाम झाडून, पुसून, रिकामं करून मगच किल्ली परत द्यायची, हा त्या धंद्याचा नियम. चेंदवणकरांनी आमचा सगळा माल नव्या कार्डात हलवला आणि मग जुन्या कार्डातला खण न् खण स्वच्छ पुसून टाकला. माळ्यावर ठेवताना त्यांनी त्याच्यावरून फडकंही मारलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांची सुट्टी होती. रविवारच्या तयारीसाठी ते एकेका मजल्यावर लिफ्टने हिंडत होते. शुक्रवारी आमच्याकडे वीज जाते हे अख्ख्या तालुक्याला पाठ, पण माणूस आनंदात असला की विसरतो. बटण दाबलं आणि वीज गेली. तासाभराने आली तेव्हा आठही मजल्यांवर कुणी नव्हतं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत की रविवारी त्यांच्या दारावर पाटी होती, 'स्टॉक मोजणी चालू आहे. कृपया सहकार्य करावे.' त्याच्या पुढच्या रविवारीही तीच. आणि ते कामाला जात नव्हते. चेंदवणकर रजेवर, हे ऐकून कामणला म्हणे दोन ट्रक रस्त्यातच थांबले.

मला त्या सुमारास कावीळ झाल्यामुळे मी घरीच होतो. एका दुपारी वरून तीच ती क्रिकेटच्या प्रेक्षकांची टाळ्यांची लाट ऐकू आली. मी माझी पिवळी मूर्ती घेऊन जिना चढलो. दार नुसतं लोटलेलं. चेंदवणकर स्टुलावर नव्हते, टीव्हीसमोर जमिनीवर बसले होते. दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या. पडद्यावर माझे खेळाडू, माझ्या देशाच्या टोप्या घालून, मैदानात.

मला बघून त्यांनी लपवायचा प्रयत्न केला नाही. फक्त विचारलं, "पेडणेकर, श्रीलंकेशी तुम्ही हरला होतात ते किती धावांनी?"

मग सगळं सांगितलं. मी म्हटलं, अहो जाऊ द्या, खेळ तो, आम्ही पुन्हा सुरू करू. त्यावर ते म्हणाले, गोदामात माल तुटला तर स्टोअरकीपरने भरून द्यायचा असतो. मी हसलो. ते हसले नाहीत.

"तसं नाही," ते म्हणाले. "माल आहे तोवर पार्टी येते. माल गेला कळलं, की पार्टी दुसरं गोदाम बघते. तुम्ही तरी का याल?"

 मी म्हटलं, अंगठ्याला मलम लावा, कुठे आहे? त्यांनी मानेने भिंत दाखवली. मी एक खण उघडला. रिकामा. दुसरा उघडला. देव्हाऱ्याखालचे सहाही उघडले, सोफ्याची फळी उचलली, पायरी उघडली. आतून कागद लावलेले, डांबराच्या गोळ्या टाकलेल्या, लख्ख पुसलेले आणि सगळे रिकामे. मलम स्वयंपाकघरातल्या एका खणात सापडलं. त्याच खणात त्यांच्या दोन पँटी आणि आईची पळी होती. लोकांच्या घरातली हवा मोजत हिंडणाऱ्या या माणसाने स्वतःकडे नुसती हवाच भरून ठेवली होती.

"सगळं रिकामं आहे," मी म्हटलं.

"ठेवायला काही आलं तर?" ते म्हणाले, आणि श्रीलंकेला गोलंदाजी द्यायला वळले.

मी रोज दुपारी जाऊ लागलो. माझी स्पर्धा त्यांनी उपांत्य फेरीपर्यंत जशीच्या तशी आणली, माझ्या सगळ्या मूर्खपणांसकट. राणेंची उडणारी विमानं, बँकेतल्यांचा फुटबॉल, सगळं भरून दिलं. अडलं ते चेअरमनच्या अपघातापाशी. इतके दिवस खेळून चेंदवणकरांचा हात एवढा तयार झाला होता की गाडी कठड्यावर आदळेचना. पहिलं वळण ते लोण्यातून सुरी फिरवल्यासारखं घ्यायचे. शेवटी तो अपघात मी केला. त्या कामासाठी मला कावीळसुद्धा आडवी आली नाही.

हिराबायचा मासा त्यांनी सगळ्यात शेवटी धरला. त्याला तीन दिवस लागले. तो मासा पडद्यावर आला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, आणि त्यांनी तो शेवटच्या ओळीत नीट ठेवला.

रविवारी पाटी निघाली. लोक आले, आपापला माल बघितला, नेहमीसारखे भांडले. चेअरमन आपला अपघात बघून म्हणाले, वा, काही म्हणा, स्टोअरकीपर पक्का. चेंदवणकरांनी मान खाली घातली. दुपारी सगळे पांगल्यावर हिराबाय आली. टोपली दारात ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि पडद्यासमोर बसली. चेंदवणकरांनी खण उघडून दिला.

ती बराच वेळ बघत होती.

"ह्यो माजा नाय," ती म्हणाली.

मी घाईने म्हटलं, अगं तोच आहे, पडद्यावर जरा वेगळा दिसतो. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मासा मी धरते, मला तू सांगतो? माजा याच्याहून जड व्हता." मग ती चेंदवणकरांकडे वळली. तिची नजर त्यांच्या अंगठ्यांवर गेली आणि तिथेच राहिली. अर्नाळ्याच्या बायकांना दोरीने कापलेले हात ओळखू येतात. "कोनी धरला ह्यो?"

चेंदवणकर स्टुलावर ताठ बसले होते, साहेबापुढे बसावं तसे. "मी," ते म्हणाले. "तुमचा गेला, हिराबाय. माझ्या हातून गेला. सगळ्यांचाच गेला."

मला वाटलं आता ही ओरडणार, सगळी इमारत गोळा करणार. चेंदवणकरांनाही तेच वाटत होतं. ते उठून उभे राहिले होते, एक हात टीव्हीवर ठेवून.

हिराबाय पुन्हा पडद्याकडे बघू लागली.

"पयलाच ना तुजा?"

"हो."

"बरा हाय," ती म्हणाली. "मग ह्यो तुज्या खनात ठेव. माज्यात कशाला घातलास?"

"माझा खण नाही," चेंदवणकर म्हणाले. "सगळे तुम्हा लोकांचे."

"मग एक तुज्या नावाचा कर." तिने पाय पसरून भिंतीला पाठ टेकली आणि रिमोटसाठी हात पुढे केला. "माजा मी धरते. आज नाय गावला तर उद्या येईन, उद्या नाय तर परवा. तू च्या ठेव. साखर नीट घाल."

चेंदवणकर आत गेले. मी चप्पल घालेपर्यंत त्यांनी आतून दोनदा विचारलं, किती साखर, आणि दोन्ही वेळा तिने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं. मी जिना उतरून खालच्या मजल्यावर पोचलो तरी वरून त्यांचा आवाज येतच होता, दुधाची साय चालेल का, म्हणून विचारत.